दोन पूर्णांक सात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, हवाई दलातल्या मित्रांना नाही, वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांनाही नाही.

एकोणीस वर्षांचा असताना मी एका रजिस्टरात एकवीस दिवस खोटे आकडे लिहिले. शेवटच्या दिवशीचा आकडा होता दोन पूर्णांक सात. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या वर्गातल्या अंबादासचा डावा डोळा गेला. दोष आमच्या सरांवर आला, त्यांची नोकरी गेली आणि मी गप्प बसलो. पुढं चोवीस वर्षं मी हवाई दलात विमानांची देखभाल केली आणि पेन्शन घेऊन सोलापुरात परत आलो.

सरांबद्दल लिहायला मी याआधी तीनदा बसलोय. तिन्ही वेळा त्यांच्या गमतींपासून सुरुवात केली आणि तिन्ही वेळा कागद फाडला. म्हणून या वेळी हे आधी.

गमती खूप होत्या. एका खासगी संस्थेचं औद्योगिक प्रशिक्षण केंद्र होतं, पत्र्याची शेड, आत चार लेथ, दोन ड्रिलिंग मशीन, एक ग्राइंडर आणि बत्तीस पोरं. सर तिथं फिटरचं काम शिकवायचे. ठेंगणे, काळेसावळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. गळ्यातलं इष्टलिंग शेडमध्ये शिरताना शर्टाच्या आतल्या खिशात जायचं आणि त्या खिशाला बटण लागायचं. कुणीतरी विचारलंच एकदा. सर म्हणाले, "मशीनपाशी कुणीबी लोंबकळायचं न्हाई. देव असला तरी."

शेडमध्ये तीन शब्दांना बंदी होती: अंदाजे, साधारण आणि ओके. तोंडातून यातला एक निघाला की झाडू हातात. दिवसभराचा लोखंडाचा भुगा एकट्यानं गोळा करायचा. नवीन पोरं पहिल्या आठवड्यात बोलायचीच बंद व्हायची. अंबादास मुद्दाम बोलायचा. त्याच्या घरी तेलुगू, गल्लीत उर्दू, आमच्यात मराठी, आणि तिन्हींत त्याची जीभ सारखीच सुटलेली.

"सर, अंदाजे किती वाजलं?"

"झाडू घे."

"घेतो की. पण वाजलं किती साधारण?"

"दोन झाडू घे."

बत्तीस पोरं हसायची. सर हसायचे नाहीत, पण खालचा ओठ वरच्या दातांखाली दाबून धरायचे. तेच त्यांचं हसणं.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडायचे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. भाकरीचा तुकडा तोडायच्या आधी खिशातली व्हर्नियर काढायची, मिलिमीटरचे बारीक भाग मोजणारी ती पट्टी, आणि तिच्या जबड्यात भाकरी धरायची. "एक पूर्णांक चार. काल एक पूर्णांक सात हुती. बाई रागात हाय आज. रागात भाकरी पातळ हुती." मग व्हर्नियर पुसून खिशात. हे रोज. आम्हाला ते वेड वाटायचं. आता वाटतं, बायकोशी बोलता न येणाऱ्या माणसाची ती चौकशी करायची रीत असावी.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या चोरीमुळं.

आम्ही होटगीचे. वडील रेल्वेत गँगमन. सरही होटगीलाच राहायचे आणि पॅसेंजरनं सोलापूरला यायचे. गाडी उशिरा असली की ते प्लॅटफॉर्मवरून खाली उतरून दोन रुळांच्या सांध्यातली फट मोजायचे. उन्हाळ्यात किती, थंडीत किती, सगळं छोट्या वहीत. वडिलांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शिव्या घालून हाकललं. दुसऱ्यांदा सरांनी वही पुढं केली आणि सांगितलं की अमक्या खांबापाशी फट वाढतेय, बोल्ट बघा. वडिलांनी बघितला. बोल्ट खरंच सैल झाला होता. तेव्हापासून दोघांत एक विडी पेटायची.

मी बारावी सायन्स कशीबशी काढली होती. गणित चांगलं होतं, बाकी सगळं वाया गेलेलं. कॉलेजला म्हणून निघायचो आणि स्टँडवर बसायचो. सायकलच्या घंट्या, दिव्यांचे होल्डर, जे फिरवून निघतं ते काढून भंगारात विकायचो. शेवटी कॉलेजच्या टाकीचे पितळी नळ काढताना सापडलो. प्राचार्यांनी वडिलांना बोलावून सगळ्यांसमोर जे काय सुनावलं ते ऐकून वडील मला तसेच सरांच्या घरी घेऊन गेले. एक नळ पुरावा म्हणून त्यांच्या पिशवीत होता.

"मास्तर, ह्यो माझा पोरगा. नळ चोरतो. रुळावर नेऊन झोपवू का काय करू, तुमीच सांगा."

सरांनी माझ्याकडं बघितलंच नाही. नळ हातात घेतला, उजेडाला धरला, फिरवला. "कशानं काढला?"

मी उंबऱ्याकडं बघितलं.

"तम्मा, इचारतोय," ते म्हणाले. कानडीत धाकट्या भावाला अशी हाक मारतात. " पान्यानं काढला तर दाताचे वण उठतेत. एक वण न्हाई ह्याच्यावर."

"सुतळी गुंडाळली. मग सळी घालून पिळलं."

"का?"

"वण पडला की भंगारवाला चोरीचा म्हणतो. भाव पाडतो."

सरांनी खालचा ओठ आत दाबला. वडिलांना म्हणाले, "सोमवारपास्नं पाठवा. हात चांगला हाय." थोडं थांबून म्हणाले, "हात चांगला हाय येवढंच म्हणतोय मी."

वडिलांनी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. मीही.

पहिले तीन महिने त्यांनी मला एकच काम दिलं. लोखंडाचा ठोकळा, कानस, आणि सहा बाजू एकमेकींशी काटकोनात. झालं की घेऊन जायचं. ते मोजायचे आणि पाण्याच्या बादलीत टाकायचे. बादलीत पडल्याचा आवाज आला की नवा ठोकळा घ्यायचा. माझे एकोणीस ठोकळे बादलीत गेले. विसावा त्यांनी हातात धरला, व्हर्नियर लावली आणि टेबलावर ठेवला. मी म्हणालो, "बरोबर आहे ना सर?" ते म्हणाले, "बरोबर म्हंजे काय? हाय तितका हाय. लिही किती हाय ते."

लिहिणं हे त्यांचं खरं खूळ. प्रत्येक मशीनला एक रजिस्टर. रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी पाळीवाल्या पोरानं काही मोजमापं घ्यायची, लिहायची. मग सर स्वतः तीच मोजमापं घेणार आणि खाली सही करणार. नकाशात काय पाहिजे ते लिहायचं नाही, आज जे भरलं ते लिहायचं. पाळी महिनाभराची. आणि एकाच जागी सलग सारखा आकडा दिसला की ते भडकायचे. "येनप्पा, काय रे, सात दिवस दोन पूर्णांक पाच? मशीन मेलं काय? चालत्या वस्तूचा आकडा हलतोच की. न्हाई हलला म्हंजे तू मोजलं न्हाईस. सुळ्ळु!" सुळ्ळु म्हणजे खोटं. कानडी शिवी म्हणून आम्हाला तेवढी एकच माहीत होती.

दुसऱ्या वर्षी ग्राइंडरची पाळी माझ्यावर आली.

ग्राइंडरला गरागरा फिरणारा दगड असतो आणि त्याच्या तोंडाशी एक लोखंडी टेकू असतो. छिन्नी किंवा दुसरं हत्यार त्या टेकूवर ठेवून दगडाला लावायचं. दगड झिजतो तशी दगड आणि टेकूतली फट वाढत जाते. फट तीन मिलिमीटरच्या आत पाहिजे. वाढली की नट ढिला करायचा, टेकू पुढं सरकवायचा, नट आवळायचा. जास्त राहिली तर हत्यार फटीत ओढलं जातं आणि दगड फुटतो. हे सर पहिल्या दिवशी सांगायचे आणि प्रत्येकाकडून तोंडपाठ म्हणवून घ्यायचे.

पहिला आठवडा मी इमानानं मोजलं. मग एक दिवस गाडी उशिरा आली. व्हर्नियर घ्यायला कपाटापाशी रांग, हात काळे होणार, पोरं बाहेर चहाला थांबलेली. मी रजिस्टर उघडलं. आदल्या आठवड्याचे आकडे समोर होते: दोन पूर्णांक एक, दोन पूर्णांक एक, दोन दोन, दोन चार. दगड रोज किती झिजतो ते दिसत होतं. मी दोन पूर्णांक पाच लिहिलं.

गणित चांगलं होतं म्हटलं ना मी. नुसते आकडे फेकणाऱ्या पोरांना सर पकडायचे. मी आकडे रचले. ज्या दिवशी छिन्न्यांना धार लावायचं काम जास्त त्याच्या दुसऱ्या दिवशी फट दोन दशांशानं वाढवायची. रविवारनंतर वाढवायची नाही. दोन पूर्णांक आठवर आलं की शेऱ्यात लिहायचं, 'टेकू पुढे घेतला', आणि परत दोनवर यायचं. एकदा मुद्दाम आकडा एका दशांशानं कमी लिहिला, कारण हातानं मोजताना तेवढी चूक होतेच. त्या रजिस्टरात एक जिवंत मशीन चालत होतं. शेडमधलं मशीन वेगळं होतं, आणि त्याच्या टेकूला कुणी हात लावत नव्हतं.

पहिले दोन-तीन दिवस सरांनी मोजलं, आणि माझा रचलेला आकडा जवळपास जुळला. चौथ्या दिवशी वाटलं, आज सर मोजतील, सापडू. सर रजिस्टर घेऊन उभे राहिले, पानावरून बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर. मग मोठ्यानं म्हणाले, "हितं या सगळी. बघा. ह्याला म्हणतेत मोजणं. कामाच्या दिवशी झीज जास्त, सुट्टीनंतर न्हाई. ह्यो पोरगा मशीन वाचायला लागलाय." व्हर्नियर त्यांच्या हातात होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, व्हर्नियर खिशात ठेवली आणि सही केली.

इतक्या वर्षांत त्यांनी न मोजता केलेली ती पहिली सही. ती माझ्यावरच्या विश्वासानं केली. मला लाज वाटली असं इथं लिहिता आलं असतं. वाटली नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. त्यानंतर रोज ते न मोजता सही करत गेले.

एकविसाव्या दिवशी अंबादास छिन्नीला धार लावत होता. मी पाच-सहा पावलांवर व्हाइसच्या शिकंज्यापाशी होतो. आधी एक किंचाळी आली, ती मशीनची होती. मग फटाक्यासारखा आवाज. दगडाचे तुकडे पत्र्यावर आपटले. अंबादास खाली बसला होता, दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांतून रक्त येत होतं. डोळ्यांवर चष्मा होता. काच फोडून तुकडा आत गेला होता. तो ओरडत नव्हता. "काय झालं बे, काय झालं बे," एवढंच हळू आवाजात म्हणत होता, जणू दुसऱ्याच कुणाला लागलंय.

सरांनी त्याला उचललं. रिक्षात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. निघताना मागं वळून म्हणाले, "मशीनला कुणी हात लावू नका."

दुपारी ते एकटेच परत आले. शर्टावर रक्त वाळलेलं. पोरं गेली होती. मी का थांबलो होतो ते मला सांगता येणार नाही. त्यांनी व्हर्नियर काढली, दगडाचा जो अर्धा भाग शाबूत होता तो टेकूसमोर आणला आणि फट मोजली.

"सात पूर्णांक दोन," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. मग नटावर बोट फिरवून ते बोट माझ्यासमोर धरलं. नटाभोवती दगडाची धूळ तेलात कालवून घट्ट बसली होती, महिनाभराची. त्यावर पान्याची खूण नव्हती. रजिस्टरात चार दिवसांपूर्वीचा शेरा होता, 'टेकू पुढे घेतला'.

मी त्यांच्या पायाकडं बघत राहिलो. त्यांनी रजिस्टर मिटलं, काखेत धरलं आणि निघून गेले. त्यांनी ओरडायला हवं होतं. सुळ्ळु म्हणायला हवं होतं. तेही म्हणाले नाहीत.

आठवड्यानं संस्थेचे तीन लोक चौकशीला बसले. मला आत बोलावलं. सर कोपऱ्यात खुर्चीवर होते. मधल्या गृहस्थांनी विचारलं, "सकाळी मोजलं होतंस ना तू?"

मी म्हणालो, "हो सर."

"दोन पूर्णांक सात भरलं?"

"हो सर."

सर स्वतःच्या नखांकडं बघत होते. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सही माझी हाय. मी मोजलं न्हाई."

"मुलानं काय लिहिलं होतं..."

"पोरानं काय लिवलं ते तपासायसाठीच सही असती. ती मी न तपासता केली. आनी काय पायजे तुमाला? साकु. बास झालं."

निकाल असा लागला की सकाळी फट बरोबर होती, नट जुना होता, तो चालू मशीनमध्ये सरकला, आणि तो बदलण्याची जबाबदारी शिक्षकाची. सरांना काढून टाकलं. दाराबाहेर अंबादासचे वडील उभे होते. यंत्रमागावर आयुष्य गेलेला माणूस, खांदे पुढं आलेले. मराठी धड येत नव्हतं त्यांना. त्यांनी सरांच्या अंगावर जाऊन एवढंच म्हटलं, "पोराचा डोळा दे. दे की. दे." सर हात जोडून उभे राहिले. बत्तीस पोरांपैकी निम्मी तिथं होती. मीही होतो.

चार-पाच महिन्यांनी हवाई दलाच्या भरतीचा अर्ज घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. शिकवणाऱ्याचं प्रमाणपत्र हवं होतं. दुसऱ्या कुणाकडं जाता आलं असतं. मी त्यांच्याकडंच गेलो, त्याचं कारण आजही मला नीट माहीत नाही. ते तेव्हा मागाच्या सुट्या भागांच्या एका दुकानात कामाला लागले होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. 'कामातील कौशल्य' या रकान्यात लिहिलं: हात चांगला आहे. 'प्रामाणिकपणा' या रकान्यावर पेन थांबलं.

"हे मी मोजलेलं न्हाई," ते म्हणाले. "रिकामं ऱ्हाऊ दे."

मग पेन खाली ठेवून त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघितलं. "जा तितं. विमानाच्या कामावर जा. तितं तू लिवलेल्या प्रत्येक आकड्यावर एक माणूस बसून वर जातो. हितं तुला कळलं न्हाई. तितं कळंल."

"सर, मी..."

"माझ्यापाशी काय बोलू नको. मी तुझा आकडा बघितलाय. अंबादासच्या घरी मी दर महिन्याला जातो. दार उघडत न्हाईत. उघडलं तरी तुझं नाव मी काढणार न्हाई. ते तुझं हाय, तू सांगायचं. कवा सांगायचं ते तूच बघ."

भरतीवाल्यांनी त्या रिकाम्या रकान्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही.

चोवीस वर्षं मी एअरफ्रेमचं काम केलं, म्हणजे विमानाचा सांगाडा, चाकं, ब्रेक, पंखांचे हलणारे भाग. कडक माणूस म्हणून माझं नाव होतं. ब्रेकची झीज दाखवणारी एक छोटी पिन असते, तिची लांबी मोजून लिहायची असते. एकदा एक ज्युनियर पोरगा सहज म्हणाला, "काल बघितली होती, तेवढीच असेल." मी त्याला परत पाठवलं, मग स्वतः विमानाखाली जाऊन मोजली. तेवढीच होती. तो पोरगा पुढं माझी नक्कल करायचा, सगळे हसायचे, मीही हसायचो. त्यांना वाटायचं हा शिस्तीचा माणूस आहे. खरं असं होतं, आणि हेही मी पहिल्यांदाच लिहितोय, की मोजायच्या आधीच माझ्या डोक्यात एक खोटा आकडा तयार असायचा. पटेल असा, कालच्यापेक्षा एक दशांशानं हललेला. चोवीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही की तो आला नाही. मी लिहिला कधीच नाही. पण हात थांबायचा तो चांगुलपणानं नव्हे. ब्रेकच्या जागी मला अंबादासची बोटं दिसायची, म्हणून.

दर सुट्टीत मी होटगीला सरांना भेटायचो. ते दारातल्या कट्ट्यावर बसलेले असायचे. एकच प्रश्न विचारायचे.

"मोजतोस?"

"मोजतो."

"बरं."

मग पाऊसपाणी, रेल्वे, वडिलांची तब्येत. दुसरा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही, आणि मी दर वेळी त्याची वाट बघत बसायचो.

तो त्यांनी दवाखान्यात विचारला. मी नुकताच रिटायर होऊन आलो होतो. सलाइन लावलेली, अंगावर मूठभर मांस. नर्स आली तर म्हणाले, "बाई, मिनटाला बावीस थेंब पडायलेत. तुमच्या कागदावर वीस हायत." ती म्हणाली, "आजोबा, झोपा की जरा." त्यांनी खालचा ओठ आत दाबायचा प्रयत्न केला, दात नव्हते म्हणून जमलं नाही. ती गेल्यावर नजर थेंबांवरच ठेवून म्हणाले, "सांगितलंस काय, तम्मा?"

"नाही सर."

ते पुढचे थेंब मोजत राहिले. चौथ्या दिवशी गेले.

दहाव्याला काकूंनी मला आत बोलावलं. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमी त्यांचे लाडके. म्हून इचारते. चाळीस वर्सं भाकरी मोजून खाल्ली त्या मानसानं. मी तोंडावर हसायची. मग त्या दिवशीच कसं मोजलं न्हाई हो? लोकं म्हणत्यात पिऊन गेला आसंल. माज्या भावानं म्हटलं तसं. कदी थेंब घेतला न्हाई त्यांनी. मी कुनाला काय सांगू?"

मी म्हणालो, "काकू, माणूस आहे, होतं एखाद्या दिवशी."

हे मी म्हणालो. सर जाऊन दहा दिवस झाले होते, माझी नोकरी संपली होती, पेन्शन सुरू झाली होती, मला कशाचंही भय उरलेलं नव्हतं. तरी मी हे म्हणालो.

अंबादासचं स्टँडजवळ चादरी-टॉवेलचं दुकान आहे. छोटं, पण चालतं. डाव्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा आहे, तो जरा वर बघतो. मला बघितलं की काउंटरवरून ओरडतो, "आलं बे आमचं विमान! बस, बस. ए, दोन चहा सांग रे, कडक." गिऱ्हाइकांना सांगतो, "माझा दोस्त हाय. लढाईची विमानं दुरुस्त करतंय. आमच्याच बॅचचा." त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानं मला व्याह्यांच्या पंक्तीला बसवलं. मी दिलेल्या आहेरापेक्षा जास्त चादरी माझ्या गाडीत टाकल्या.

सर गेल्याचं मीच त्याला सांगितलं. तो टॉवेलची घडी घालत होता.

"मेला काय म्हातारा?" घडी नीट बसेना म्हणून त्यानं परत झटकली. "बरं झालं बे. लई मोजायचा. माझाच डोळा मोजायचा ऱ्हायला." मग म्हणाला, "म्हातारा शेवटपर्यंत यायचा, म्हाईताय तुला? दर महिन्याला. दारात उभा ऱ्हायचा. आमचा बाप मरेपर्यंत त्याला पाणी सुद्धा देऊ देत न्हवता. बाप गेल्यावर मी बी न्हाई दिलं. एकदा बायको म्हणाली, एवढ्या उन्हात म्हातारा उभा हाय, द्या की तांब्याभर. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे उभा." त्यानं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "बरोबर केलं का न्हाई मी? तू सांग. तू हुतास की तितं."

चहा आला. मी कप उचलला आणि म्हणालो, "जाऊ दे आता."

त्याला मी दिलेलं उत्तर हे एवढंच. सरांनी माझं नाव शेवटपर्यंत काढलं नाही, आणि अंबादास अजून त्यांना शिव्या देतो, माझ्यासमोर, मला चहा पाजून.

हे लिहिलं म्हणजे ते सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. अंबादास असलं काही वाचत नाही, आणि मी हे लिहिताना तेही धरून चाललो होतो. माझं दोन ठिकाणी बोलायचं बाकी आहे. अंबादासला त्याच्या दुकानात, त्याचा चहा घ्यायच्या आधी, तोंडानं सांगायचं आहे की त्या सकाळी टेकूची फट मी मोजली नव्हती आणि त्याचा डोळा माझ्यामुळं गेला. आणि होटगीला जाऊन काकूंना सांगायचं आहे की सर माझ्यावर विश्वास ठेवून फसले. दोन्ही अजून मी केलेलं नाही.